दोन पॉइंट चार

न्हाई, न्हाई, ती बाटली म्या मशीनला लावत न्हाई — ठेवा ती परत पिशवीत, बर्फाच्या मधी ठेवा, अशी हातात धरून नका राहू, हाताची गरमी लागती तिला. ओळखलं म्या काय हाय ते. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर बाईचं नाव, नावाखाली येळ लिहिलेली, सहा वाजून दहा मिनिटं — असली बाटली म्हशीच्या दुधाची नसती, पाव्हनं. तुमच्या बायकोचं दूध हाय. व्हय ना? लाजायचं काम न्हाई. मघाशी नर्मदाबाईच्या मागं रांगेत उभे व्हते तुमी, समद्यांच्या हातात कॅन आन तुमच्या हातात ही पिशवी, तव्हाच ध्यानात आलं माझ्या. म्हनून म्हनलं, गर्दी जाऊ द्या, मंग बोलू. आता गेले समदे. एक माप राहिलंय फक्त, घरचंच, ते रोज शेवटीच येतंय. बसा, त्या पालथ्या कॅनवर बसा. सेनगावची जीप साडेआठला निघती. गोरेगावात जीप भरल्याबिगर हालत न्हाई, तुमाला ठाऊकच हाय. येळ हाय अजून.

कोन म्हनलं तुमाला माझ्याकडं या म्हनून? सासूबाई? साखऱ्याहून इथवर फक्त फॅट मोजायला — बरं. काय म्हनल्या, विश्वंभरच्या डेअरीत मशीन हाय, एका मिनिटात समजतंय दुधात कस हाय का न्हाई? तसं खोटं न्हाई ते. बारा वर्षं झाली मला, मशीन तर आता आलं, आधी ॲसिड टाकून नळ्या फिरवायचो, तव्हापासून मोजून राहिलो. गाईला साडेतीन लागली पाहिजे, म्हशीला सहा. त्याच्या खाली लागली का म्या म्हंतो, परत न्या. कुनाचंबी असो, तोंड पाहून म्या दूध घेत न्हाई. चंदाबाई माझी सख्खी मावशी हाय, तिचं दूध बी परत पाठवलंय एकदा, सहा महिने बोलली न्हाई ती. आकडा तो आकडा. अशी सवय पडली मला. ही सवयच वाईट, पाव्हनं.

किती वजन हाय लेकराचं? तेराशे दहा. कितवा दिवस? नववा. पोरगं का पोरगी? बरं, बरं. काचेच्या पेटीत हाय म्हंजे हिंगोलीलाच असंल. आन सिस्टर म्हनली असंल वजन वाढत न्हाई म्हनावं तसं — न्हाई, मला कसं ठाऊक म्हंजे? समद्यांनाच म्हनतात. सुरुवातीला घटतंच वजन, मंग हळूहळू चढतंय, दहा ग्रॅम, पंधरा ग्रॅम. तेनी सांगायचं म्हनून सांगतात आन आपन ते घेऊन घरी येतो. जीपमधी बसल्या बसल्या तेच डोक्यात. वजन काहून वाढंना? दूध पातळ असंल. दूध काहून पातळ? बाईच्या अंगात काही न्हाई. झालं, तिथवर आपली गाडी येऊन थांबती. तुमची बी तिथंच थांबली, म्हनून तर आले तुमी.

आमची अकराशे नव्वद व्हती. व्हय, आमची. मागल्या फेब्रुवारीत. तुमच्या सासूबाईला ठाऊक नसंल, न्हाईतर पाठवलं नसतं तुमाला माझ्याकडं. पुनमला — पुनम म्हंजे माझी बायको — सातवा सरून राहिला व्हता, बीपी वाढलं, हातापायाला सूज, डोळ्यापुढं अंधारी. सिझर करून काढली पोरगी. रडली बी न्हाई धड, मांजरीच्या पिल्लावानी एवढासा आवाज केला आन नेली काचेत. पायाचा तळवा माझ्या अंगठ्याएवढा. नाव ठेवलं नव्हतं, बारसं व्हायचं व्हतं, म्हनून फाईलवर, हाताच्या पट्टीवर, समदीकडं तिच्या आईचंच नाव — पुनमची बेबी. पुनमच्या टाक्यातून पू यायला लागला, तापबी, मंग सातव्या-आठव्या दिवशी माय म्हनली, पुनमला घरी घेऊन येऊ, तिथं बसवत न्हाई तिला. मंजुळाबाई, माझी माय. तिनंच शेकलं, तिनंच केलं समदं. तिला दोष न्हाई. मायनं ना घुटी देली ना मध चाटवला, सिस्टरनं सांगितलं तसंच वागली ती. लोकाला वाटतंय म्हातारीनंच काहीतरी चाटवलं असंल. न्हाई. लिहून घ्या पाहिजे तर.

पोरगी तिथंच काचेत, मंग दूध न्यायचं काम माझ्याकडं. तसं बराबरच व्हतं ना, माझा धंदाच तो. पुनम हातानं दाबून काढायची, वाटी उकळून, हात धुऊन, कुशीवर टेकून बसायची, टाके वढायचे, घाम यायचा. अर्धा तास बसली का पाच-सहा चमचे. म्या बाटलीत भरायचो, पट्टी लावायचो, वर नाव, खाली येळ. बर्फ इथलाच, डेअरीतला. हीच पिशवी व्हती, अशीच, निळी. दूध नासू न देता हिंगोलीपर्यंत न्यायचं म्हंजे माझ्या डाव्या हाताचा मळ. सिस्टर म्हनायची, तुमी आनलेलं एकदम थंड असतंय, बाकीच्यांचं कोमट व्हऊन येतंय. मला बरं वाटायचं. खोटं काहून बोलू, लई बरं वाटायचं. कायतरी करून राहिलो आपन लेकरासाठी, असं.

आन मंग ती बोलली, वजन. दोन दिवसांत दहाच ग्रॅम. तुमाला बोलली तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन संपलं, मशीन चालूच व्हतं, बाटली इथं, ह्या टेबलावर. सहज केलं म्या. नमुना काढायला दोन चमचे लागतात, अर्ध्या तासाचं काढलेलं दूध, त्यातलं दोन चमचे — तव्हाच हात थांबायला पाहिजे व्हता. लावलं. मशीनला काय कळतंय कुनाचं हाय, त्यात दोनच बटनं, गाय आन म्हैस. म्या गाईचं दाबलं. दोन पॉइंट चार. चिठ्ठी बाहेर आली कराकरा करत. दोन पॉइंट चार! माझ्या तोंडून निघालं बी असंल, परत न्या. पाव्हनं, असं दूध म्या गाईचं सुद्धा घेत न्हाई हो. आन हे पिऊन पोरगीनं वाढायचं.

न्हाई, तुमी घाबरू नका, ऐका. ते दूध खराब नव्हतं. बाईचं दूध पहिल्यांदा पातळच येतंय, मागून घट्ट. पहिलं दाबलेलं मोजलं तर फॅट कमीच लागनार. हे मला नंतर डॉक्टरनं सांगितलं — आन ऐकून म्या उभाच राहिलो, कारन हे तर मला ठाऊक व्हतं! म्हशीचं काय असतंय? पहिली धार पानी, शेवटची धार साय. लबाड मानूस वासराला शेवटची धार पाजतो आन पहिली डेअरीला घालतो, मंग फॅट लागत न्हाई, मंग माझ्याशी भांडतो. बारा वर्षं म्याच लोकाला सांगून राहिलो, सगळं पिळून आना, अर्धं आनू नका. आन घरच्या बाईच्या टायमाला ध्यानात आलं न्हाई. टाके वढून राहिले व्हते तिचे, ती कुठून शेवटची धार काढंल. काहून ध्यानात आलं न्हाई, काय सांगू. म्या बाई पाहिलीच न्हाई, आकडा पाहिला.

तर म्हनून लावत न्हाई म्या तुमची बाटली. एवढंच. आकडा कळून काही उपेग न्हाई. दोन लागू द्या, चार लागू द्या, लेकराला तेच दूध पाहिजे. दुसऱ्या बारीला आमचं चार पॉइंट एक लागलं तरी काय झालं, पोरगी तर —

काय?

न्हाई, त्याच बाटलीचं. चार पॉइंट एक.

हुशार हाव तुमी. एकाच बाटलीला दोन आकडे कसे. बराबर. डेअरीत घातलं पाहिजे तुमाला.

अडीच चमचे. घरच्या म्हशीचं. तापवून, साय मोडून, गार करून — घान काही नव्हतं त्यात, त्याची काळजी घेतली व्हती म्या, भांडं बी उकळलं. आमच्या म्हशीला आठ पॉइंट दोन लागती, ह्या अख्ख्या गोरेगावात तेवढी कुनाला लागत न्हाई. अडीच चमचे टाकलं, हलवलं, परत मशीनला लावलं, चार पॉइंट एक. गाईच्या वर. पास. पट्टी लावली, पट्टीवर लिहिलं पुनम विश्वंभर, खाली येळ लिहिली. माझ्याच अक्षरात. चार दिवस. तिकडं सिस्टरला काय दिसनार, दूध पांढरंच. आन सांगू का, तिसऱ्या दिवशी वजन वाढलं व्हतं. बावीस ग्रॅम. म्या जीपमधी हसत आलो. शेजारी तातेराव बसले व्हते, आमच्याच गावचे, ते म्हनले काहून हसून राहिला रे. म्हनलं, पोरगी वाढून राहिली.

पाचव्या दिवशी गेलो तर म्हनले दूध घेऊन जा परत, पाजायचं बंद केलंय. पोट फुगलं व्हतं तिचं. एवढं एवढं लेकरू आन पोट असं तानलेलं, चकाकायला लागलेलं, वरून निळ्या शिरा. नळीतून हिरवं येऊन राहिलं व्हतं. शीमधी रगत व्हतं. मधीच श्वास विसरायची, सिस्टर पायाला टिचकी मारायची, मंग परत श्वास घ्यायची. फोटो काढला, तर आतड्याच्या भिंतीत हवा भरलेली. डॉक्टरनं नाव सांगितलं, लांब इंग्रजी, म्या दोनदा इचारलं तव्हा कागदावर तीन अक्षरं लिहून देली, एनईसी. म्हनले, आतडं आतून सुजतंय आन मरतंय. कशानं? तर म्हनले एकच कारन न्हाई. महिने भरायच्या आधी आलेल्या लेकराचं आतडं कच्चं असतंय, रगत कमी पोचतंय, जंतू शिरतात. दीड किलोच्या आतली शंभर लेकरं धरली तर त्यात पाच-सातांना व्हतंय हे, जेवढं बारीक लेकरू तेवढा धोका. बाहेरचं दूध पडलं, गाईचं, म्हशीचं, पावडरचं, तर जास्त. आईच्या दुधावर कमी. पन आईच्या दुधावर असलेल्याला बी व्हतंच न्हाई असं न्हाई. आन मंग इचारलं मला. बाहेरचं काही पाजलं का?

न्हाई, म्हनलं. आईचंच.

पटकन निघालं तोंडातून, पाव्हनं. इचार करायला येळच न्हाई भेटला. लगेच लिहिलं तेनी फाईलवर. मंग नांदेडला नेलं, आपरेशन करावं लागंल म्हनून, तिथंबी इचारलं, तिथंबी म्हनलं आईचंच. पोट उघडलं, बरंचसं आतडं काळं पडलेलं, काही करन्यासारखं राहिलं नव्हतं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मंग महिन्यानं एक मॅडम आल्या घरी, फॉर्म घेऊन, लेकरू कशानं गेलं त्याची चौकशी असती. पुनम बाजूला बसलेली. तेनी इचारलं, वरचं दूध? म्या म्हनलं, न्हाई. तीनदा झालं हे. एकदा खोटं बोललं का दुसऱ्यांदा जीभ आपली आपन वळती.

मॅडम चांगल्या व्हत्या. जाता जाता पुनमच्या पाठीवर हात ठेवून म्हनल्या, आईच्या दुधावर असूनबी व्हतं गं कव्हा कव्हा, तुझा दोष न्हाई. आन ती माझ्याकडं पाहून राहिली. काहून माहिती हाय? चिठ्ठी. मशीनची चिठ्ठी, दोन पॉइंट चारची. चार पॉइंट एकवाल्या म्या फाडून टाकल्या व्हत्या. ही पहिली सदऱ्याच्या खिशात राहिली, धुताना तिला आधीच सापडली व्हती. डेअरीवाल्याची बायको हाय, तारीख-येळ वाचता येती, तिला समजलं कुनाचं हाय. एकदाच बोलली त्याच्यावर. म्हनली, माझं दूध परत पाठवन्यासारखं व्हतं व्हय? म्या म्हनलं, सहज लावलं व्हतं. तेवढंच बोललो. म्हशीचं टाकलं ते न्हाई सांगितलं. ती चिठ्ठी तिच्या पेटीत हाय, लेकराच्या हातावरच्या पट्टीसंगं. छपाई उडून राहिली, आकडा अजून दिसतोय. तिच्या भावाला पोरगं झालं परवा, वैनी म्हनली घ्या की मांडीवर — हिनं हात लावला न्हाई. म्हनली माझ्या अंगाला गुन न्हाई.

तुमी मला इचारून राहिले, का तुमीच केलं हे? मला ठाऊक न्हाई. खरंच ठाऊक न्हाई. हिंगोलीलाच एका दुसऱ्या डॉक्टरला इचारलं म्या, आमच्या एका पाव्हन्याचं असं असं झालं म्हनून. ते म्हनले, त्यानं धोका वाढला असंल, पन त्यानंच झालं असं छातीवर हात ठेवून कोनीच सांगू शकत न्हाई, त्या पाच-सातांत ते लेकरू असंबी असू शकलं असतं. आता हे मोजायचं कोन्या मशीनवर? रोज तीनशे लिटर मोजतो. हे मोजता येत न्हाई. लोकाला वाटतं मला दुःखच न्हाई, माती देऊन आलो त्या दिवशी संध्याकाळी म्या डेअरी उघडली, माप घेतलं समद्यांचं. डोळ्यात पानी आलं न्हाई. अजून आलं न्हाई. भाकर खातो, झोपतो, आकडे वाचतो. हात बधिर व्हतो ना बर्फात ठेवून ठेवून, तसं झालंय. टोचलं तरी कळत न्हाई. पन पुनमचं मात्र कळतंय. तेवढंच कळतंय.

म्हैस इकून टाकू वाटती. पन माय इचारंल, आठ फॅटची म्हैस काहून इकून राहिला? मंग काय सांगू. म्हनून ती हाय दावनीला. आन रोज सकाळी पुनमच दूध घेऊन येती तिचं, समदे गेले का. म्या लावतो, ती इथं उभी राहती टेबलाला धरून, इचारती, किती लागली? म्या म्हंतो, आठ पॉइंट दोन. ती मान हालवती आन कॅन इसळून घेऊन जाती. एक वर्ष झालं. रोज. ती काय म्हंती मनात, म्हैस आपल्यापेक्षा बरी असं म्हंती का काय, म्या इचारत न्हाई.

तुमी हे ध्यानात ठेवा. काही टाकायचं न्हाई त्यात. चमचा न्हाई, बोट न्हाई, साखर न्हाई. वजन वाढवायला काय द्यायचं ते तिथले लोक ठरवतील, ते देतात त्यांच्या हिशेबानं, पुड्या असतात त्यांच्याकडं त्याच्यासाठीच्या. शेवटपर्यंत काढ म्हना बायकोला, घाई नको, आन जमंल तसं तिलाच घेऊन जा तिकडं, लेकराला छातीशी धरू देतात. आन घरी गेल्यावर ती इचारंल, फॅट किती लागली? तुमी सांगितलंय ना तिला, मोजायला चाललो म्हनून? सांगितलंच असंल. तर म्हना, मशीन बंद व्हतं. आन वरून एक म्हना, दूध बराबर हाय तुझं. ह्याच शब्दात म्हना. आजच म्हना, उद्यावर नका ढकलू. कुनीतरी म्हनायला पाहिजे असतंय ते. एकदा येळ गेली का मंग ते कसं म्हनायचं हेच कळत न्हाई मानसाला.

उठा आता. आली ती. बाटली झाका — राहू द्या, पाहिली तिनं.

ये. ठेव इथं. हे साखऱ्याचे पाव्हने हाएत. लेकरू काचेत हाय त्यांचं, हिंगोलीला. व्हय, बाईचंच दूध हाय ते, त्यांच्या मंडळींचं. मोजायला आनलं व्हतं. न्हाई. न्हाई लावलं म्या. मशीन चालू हाय — व्हय, लाईट दिसून राहिली, चालूच हाय. तरीबी न्हाई लावलं.

काहून म्हंजे —

कॅन खाली ठेव, पुनम. आज आपलं माप राहू दे. बस तिथं. पाव्हनं, तुमी निघा, जीप भरत आली. जाताना तेवढं शटर खाली वढून घ्या.